विहीणबाईंची बरणी

माझ्या हातचं काहीही खाल्लं की माझी सून "लव्हली" म्हणते. वरण-भात लव्हली, वांग्याचं भरीत लव्हली. एकदा मी भाजीत मीठच घालायला विसरले, तर तीही लव्हली. इंग्लंडात ब्रॅकनेलला मुलाच्या घरी येऊन मला तीन आठवडे झाले होते आणि त्या शब्दाचा मी धसका घेतला होता. नागपूरच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. समोरच्याला पटलंय की तो नुसती मान हलवतोय, एवढं मला कळतं. ही चार घास खायची, लव्हली म्हणायची, ताट डिशवॉशरमध्ये ठेवायची आणि वर निघून जायची. तिला सहावा महिना चालू होता आणि गाल आत गेले होते.

ती मूळची लाओसची. म्हणजे आईवडील लाओसचे, हिचा जन्म पॅरिसजवळचा आणि नोकरी इथली, माझ्या मुलाच्याच ऑफिसातली. आमचं दोघींचं बोलणं इंग्रजीत चालतं, मध्ये ती सांडल्यासारखे मराठी शब्द टाकते. इथे मी ते सगळं मराठीत लिहिते आहे, कारण माझं इंग्रजी मलाच वाचवत नाही.

आमच्याकडे पोटुशी बाईचे डोहाळे पुरवायचे असतात. नाही पुरवले तर बाळाचा कान फुटतो म्हणतात. आम्ही बौद्ध माणसं, त्यात मी विज्ञानाची बाई. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण नातवंडाच्या कानाशी खेळ कोण करील? मी रोज विचारायची, "काय खावंसं वाटतं गं?" ती म्हणायची, "काही नाही आई, आय ॲम फाइन." मुलाला विचारलं, तर लॅपटॉपमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "आई, तिला जरा स्पेस दे ना. शी इज नॉट फसी." याला काय सांगायचं? याच्या वेळी मला कवठं हवी होती आणि याचे वडील भर उन्हात सायकलवर अर्धं नागपूर पालथं घालून ती आणायचे. तेव्हा कुठे स्पेस होती?

एका शनिवारी दुपारी मी शेपू निवडत बसले होते. जवळच्या स्लाऊ गावाहून मुद्दाम दोन जुड्या आणल्या होत्या, कारण इथल्या सुपरमार्केटात शेपू चार काड्या प्लास्टिकमध्ये घालून विकतात, औषध दिल्यासारखा. शेपू निघाला की घरातल्या निम्म्या माणसांना बाहेरची कामं आठवतात. माझ्या मुलाने वास आल्याबरोबर खिडकी उघडली आणि जिमला गेला. आणि वरच्या मजल्यावरून ही खाली आली. अनवाणी, केस मोकळे. टेबलाशी उभी राहिली. मूठभर शेपू उचलून नाकाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"मॅ हे माशात घालायची," ती म्हणाली.

मॅ म्हणजे तिची आई. माझी विहीण.

विहीणबाईंची आणि माझी प्रत्यक्ष भेट एकदाच झाली, पॅरिसला लग्नात. त्यांना लाओ आणि फ्रेंच येत होतं, मला मराठी, हिंदी आणि शाळेतलं इंग्रजी. दोघींत मिळून एक वाक्य जमेना. मग तिथल्या विहारात वंदना सुरू झाली आणि दोघींच्या तोंडून एकदमच त्रिसरण निघालं. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द तेच. त्या इतक्या खूश झाल्या की माझा दंड धरून जेवण होईपर्यंत सोडलाच नाही. पुढे आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटायचो. बोलता येत नाही म्हटल्यावर एकमेकींना भाज्या दाखवायचो. मी वांगं दाखवायची, त्या त्यांचं वांगं दाखवायच्या, सुपारीएवढं. मी कार्लं, त्या कसलीतरी शेंग. एकदा त्यांनी केळीच्या पानाची पुडी सोडून कॅमेऱ्यापुढे धरली. आत मासा, आणि माशावर शेपूच शेपू. मी नाक मुरडलं. अगदी स्पष्ट मुरडलं, शेपूत मासा म्हणजे काय! त्या खो खो हसल्या. सून तेव्हा त्यांच्या शेजारीच बसली होती. त्यानंतरच्या हिवाळ्यात विहीणबाई गेल्या.

तर तो मासा. त्याला मोक पा म्हणतात, पानात बांधून वाफवलेला मासा. "तोच खावासा वाटतो?" मी विचारलं. तिने मान हलवली आणि लगेच म्हणाली, "पण सोडा आई, मला येत नाही तो." आईने तिला स्वयंपाकघरात कधी उभंच केलं नव्हतं. परक्या देशात आलेली बाई, लोकांची घरं साफ करून पोरीला शिकवत होती. पोरगी चुलीपाशी दिसली की म्हणायची, जा, अभ्यास कर. अगदी माझ्या आईसारखं. "मला एवढंच काम होतं," सून म्हणाली, "पानं पुसून द्यायचं." लिहून ठेवलेलं काही नव्हतं. विचारायला कोणी नव्हतं. हे सगळं तिने शेपू हातात धरूनच सांगितलं.

माझा पदर खोचलाच गेला. साडी नव्हती, ट्रॅकपँट होती, पण खोचला.

पहिला प्रयोग मी लगेच दुसऱ्या दिवशी केला आणि तो माझ्या स्वभावाप्रमाणे अति आत्मविश्वासाने केला. माशाला हळद-मीठ चोळलं, कारण मासा म्हटलं की हात आपोआप हळदीकडे जातो. आलं-लसूण वाटलं. त्या लोकांचा चिकट तांदूळ असतो, तो मी कुकरला लावला आणि तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत खळ. दिवाळीतला आकाशकंदील चिकटवायला आणि उरलेल्यातून शाळेचे तक्ते चिकटवायला पुरेल एवढी खळ. केळीची पानं नव्हती, म्हणून फॉइल. आणि सगळ्यात कहर म्हणजे पुडी सोडल्यावर माशावर मी लसणाची फोडणी ओतली. खरं सांगते, कोणी सांगितलं नव्हतं, हात थांबला नाही. फोडणी चर्र वाजली, स्मोक अलार्म वाजला, सून कान झाकून बाहेर गेली. नंतर बसून तिने खाल्लं आणि म्हणाली, "लव्हली."

दुसरा प्रयोग शिस्तीत केला. इंटरनेटवर चार-पाच बायकांचे व्हिडिओ पाहिले, वहीत कृती लिहून घेतली. स्लाऊला एका दुकानात केळीची गोठवलेली पानं मिळाली, नदीतला कॅटफिशही मिळाला. गवती चहा आपण चहात टाकतो तो नुसता पाला. इथे त्याचे खालचे पांढरे दांडे लागतात. छोटे कांदे, मिरच्या, एका जातीच्या लिंबाची पानं. तांदूळ रात्रभर भिजवून गवती चहाबरोबर खलबत्त्यात कुटायचा, तो वाटणाला धरून ठेवतो. वर शेपू, सढळ हाताने. इडलीपात्रात पुड्या वाफवल्या आणि घरभर असा वास सुटला की मी मनातल्या मनात विहीणबाईंना म्हटलं, घ्या, जमलं. सुनेने पुडी सोडली, घास घेतला, चावला. डोळे मिटले. मग उघडले.

"खूप जवळ आलंय," ती म्हणाली.

"काय राहिलं?"

"काही नाही. लव्हली आहे."

मला आतून चीड आली. तिची नाही, त्या शब्दाची. काहीतरी राहिलं होतं आणि काय राहिलं ते तिला ठाऊक होतं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. दहावीच्या वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारी एखादी पोरगी असते ना, तशी ती ताटाकडे बघत बसली होती. सासू झाले म्हणून काय झालं, मी काय वाघ आहे? ती दुपार मी फुगून काढली.

पुढच्या रविवारी सकाळी मुलगा गॅरेजमधून नाक धरून आत आला.

"आई, गॅरेजमध्ये काहीतरी डेड आहे. आय ॲम टेलिंग यू. उंदीर असणार. मी पेस्ट कंट्रोलला फोन करतोय."

गॅरेजमध्ये बॅगांच्या मागे बिस्किटांच्या डब्यात, तीन पिशव्यांत गुंडाळून, मी नागपूरहून आणलेले सुके बोंबील ठेवले होते. सुनेला सुरुवातीला वासाने मळमळायचं, म्हणून मुलाने फोनवर मला बजावलं होतं, नो स्ट्राँग स्मेल्स. म्हणून लपवले, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण ती सवय जुनी आहे. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा खिडक्या लावून, दाराच्या फटीला गोणपाट लावून बोंबील भाजायचे मी. वास बाहेर गेला की घरमालकीण दोन दिवस आमच्या हातचं पाणी घ्यायची नाही, आणि वास नसताना घ्यायची असंही नाही. तो राग अजून गेलेला नाही. आणि तरीही इथे, माझ्याच मुलाच्या घरात, मी डबा बॅगांच्या मागे सरकवला होता.

"काही मेलंबिलं नाही," मी म्हटलं, "रंगाच्या डब्यांचा वास असेल. तू काय शोधून राहिला तिथं? मी बघते."

"नाही, नाही, मी बघते," सून म्हणाली आणि माझ्या पुढे निघाली.

"तू कशाला वाकतेस अशा दिवसांत!"

"तुमचे गुडघे दुखतात आई!"

मुलगा टॉर्च घेऊन आमच्या मागून आला तेव्हा मी बॅगांपुढे उभी होते आणि ती समोरच्या भिंतीला, रंगाच्या डब्यांच्या फळीपुढे. दोघींचेही हात पाठीमागे. त्याने आधी माझ्या बाजूला हुंगलं, मग तिच्या.

"दोन आहेत," तो म्हणाला. "टू डेड थिंग्ज."

आता यापुढे अब्रू वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी डबा काढला, झाकण उघडलं, "माझे बोंबील आहेत," म्हटलं. सून डब्यात वाकून बघायला लागली. मला वाटलं आता हिला उलटी होणार. तिने एक बोंबील उचलला, हुंगला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी चोरलंय आणि तेही तिच्यासाठीच. मग ती मागे वळली, रंगाचे दोन डबे सरकवले आणि टॉवेलात गुंडाळलेली एक काचेची बरणी काढली.

आत करडं-तपकिरी पाणी, त्यात माशाचे तुकडे, सगळं मिळून चार बोटं उंचीचं. झाकण जरासं फिरवलं मात्र, माझ्या बोंबलांनी मान खाली घालावी असा वास आला. मुलगा बागेत पळाला. याला पादेक म्हणतात, ती म्हणाली. नदीचा मासा, मीठ आणि तांदळाचा कोंडा, महिनोन् महिने मुरवलेला. ही बरणी मॅने तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात घातली होती.

"म्हणजे मोकमध्ये हेच राहिलं होतं?"

तिने मान हलवली.

"मग मला सांगितलं का नाहीस? मी इथे चुलीशी जीव काढते आहे!"

"तुम्ही शेपूतल्या माशाला नाक मुरडलं होतं," ती म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही, अगदी हळू. "मॅला ते फार गमतीचं वाटलं. मला वाटलं, नुसत्या शेपू-माशाला एवढं, तर या बरणीला काय कराल."

मला बसायला काही नव्हतं, म्हणून मी बॅगेवरच बसले. घरमालकिणीचा एवढा राग करणारी मी, आणि माझ्याच नाकामुळे ही पोर आईची बरणी रंगाच्या डब्यांमागे ठेवून बसली होती. मला लाज वाटली. मी तसं तिला सांगितलं. म्हटलं, चूक झाली माझी. विहीणबाईंना सांगायचं राहिलं, निदान तुला सांगते.

ती बरणी छातीशी धरून उभी होती. मग म्हणाली, "आणि आई, एवढीच आहे. संपली की संपली."

चमचाभर घाल, पुरवून पुरवून वापर, असं काहीबाही माझ्या तोंडावर आलं होतं. डोहाळे पुरवायचा माझा हट्ट होता, तिचा नाही. मी म्हटलं, "बरणी तुझी आहे. तू ठरव. पण आता ती गॅरेजमध्ये राहणार नाही." आणि आम्ही ती आत आणली. फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात, दुधाच्या शेजारी ठेवली. माझ्या बोंबलांनाही ओट्यावर जागा मिळाली. मुलगा दोन दिवस चहा बाहेर जाऊन पीत होता.

ते दोन दिवस मी कशी गप्प राहिले ते माझं मला ठाऊक. सकाळ-संध्याकाळ फ्रिज उघडायची, बरणीकडे बघायची, बंद करायची. एकदाही विचारलं नाही. मुलाला म्हटलं, "बघ, तुझ्या त्या स्पेसवर मी चाललेय." तो म्हणाला, "आय ॲम प्राउड ऑफ यू, आई." मी त्याला कणीक मळायला बसवलं.

बुधवारी सकाळी मी खाली आले तर ओट्यावर चिकट तांदूळ भिजलेले होते. आदल्या संध्याकाळी तिनेच घातले होते. दुपारी ऑफिसचे कॉल संपवून ती खाली आली आणि केसांचा अंबाडा बांधत म्हणाली, "मिडवाइफला विचारलं. नीट शिजवलेलं असलं तर चालेल म्हणाली." मग जरा थांबून म्हणाली, "ती असंही म्हणाली की मी जे खाते त्याची चव बाळाला आतमध्ये कळते. मॅचं या बाळाला दुसरं काहीच मिळणार नाहीये, आई. हे तरी मिळू दे."

मी खलबत्ता काढला. तांदूळ नि गवती चहा कुटायला लागले. बोलायला गेले असते तर रडले असते, आणि कुटताना रडलं तर मिरचीचं नाव सांगता येतं.

तिने पानं घेतली. विस्तवावर एकेक पान फिरवून मऊ केलं, ओल्या फडक्याने पुसलं, शिरेच्या दिशेने, दोन्ही बाजू. एवढंच येतं म्हणाली होती, पण पान पुसताना तिचे हात असे चालत होते की त्यांना पुढचंही येत असणार, हे मला दिसत होतं. वाटणात मासा घातला, शेपू घातला. मग बरणी. मी भीत भीत एक चमचा घातला. तिने वाटण हुंगलं, बरणी माझ्या हातातून काढून घेतली आणि सरळ ओतली. पुन्हा हुंगलं. पुन्हा ओतली. माझा जीव वरखाली होत होता. चार बोटांची दोन झाली, दोनाचं एक झालं. तिसऱ्यांदा हुंगून ती थांबली आणि झाकण लावलं. तळाशी बोटभर उरलं होतं.

पुड्या आम्ही दोघींनी मिळून बांधल्या, मी चार, तिने पाच. इडलीपात्रात रचल्या. आधी वास भयंकर आला. मग बदलत गेला, शेपू वर आला, लिंबाचं पान वर आलं, आणि बागेत उभा असलेला मुलगा दारातून डोकं आत घालून म्हणाला, "व्हॉट इज दॅट? मस्त वास आहे." त्याला मी हात धुऊन ये म्हटलं.

टेबलावर काटे-चमचे ठेवलेच नाहीत. चिकट भाताचा गोळा बोटांत दाबायचा आणि त्याने माशाचा तुकडा उचलायचा. मला त्यात नवीन काय होतं? तिने समोरची पुडी सोडली. मी बांधलेली होती. वाफ तिच्या तोंडावर गेली. पहिला घास तिने बराच वेळ चावला. मी माझ्या ताटाला हातही लावला नव्हता. तो शब्द येणार म्हणून कान टवकारून बसले होते, आणि आज तो आला तर बरणी वाया गेली, हेही मला माहीत होतं.

"गवती चहा जास्त झालाय," ती म्हणाली.

मुलाचा हात घासाबरोबर हवेतच थांबला. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि पुडी सैल बांधलीत तुम्ही. सगळं पाणी आत गेलं. मॅ अशी नव्हती बांधत." तोंडात घास, नाकातून पाणी, आणि हात दुसऱ्या पुडीकडे.

तीस-पस्तीस वर्षं चूल सांभाळली, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती. आणि मला इतका आनंद झाला की खुर्ची ओढून मी तिच्या जवळ सरकले.

"आणि मीठ?" मी विचारलं.

"मीठपण कमी आहे, आई," ती रडत रडत म्हणाली, आणि तिने तिसरी पुडी ओढली.